घोडकाठची पांढर

इसवी सनापूर्वी १६००च्या सुमारास काही शेतकरी कुटुंबे गुरे-शेरडे हाकत घोड नदीच्या उजव्या तीरावर आली आणि तिथेच राहिली. आज ती जागा पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या शिवारात येते. म्हणून त्या जुन्या वस्तीलाही पुरातत्त्वज्ञ इनामगावच म्हणतात. तिथे वाडा नाही, शिलालेख नाही, कुठल्या राजाचे नाव नाही. तरीही महाराष्ट्रातले एखादे गाव पहिल्या चुलीपासून कसे वाढत गेले, हे समजून घ्यायचे असेल तर इनामगावाइतकी भरीव हकिकत दुसरी सापडणे कठीण. ती वाचताना मला एक गोष्ट फार ठळकपणे जाणवली: कुटुंबे आली तेव्हा वस्ती झाली, तिचे गाव व्हायला आणखी सुमारे दोनशे वर्षे लागली.

एवढ्या जुन्या काळाबद्दल असे काही म्हणता येते, याचे श्रेय एका चिकाटीच्या उत्खननाला आहे. दख्खनच्या नद्यांकाठी काळ्या रानाच्या मधोमध राखट मातीची टेकाडे दिसतात. गावकरी त्यांना पांढर म्हणतात. शतकानुशतकांची राख, शेण, पडक्या भिंतींची माती आणि हाडकांचा चुरा एकत्र मुरून ती माती तयार होते. पिकाला ती मानवते, म्हणून शेतकरी ती गाड्या भरभरून रानात नेऊन टाकत आले आहेत, आणि त्यात कितीतरी जुन्या वस्त्यांचा मागमूस पुसला गेला. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१मध्ये संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे इथे उत्खनन केले आणि महाराष्ट्राच्या या आद्य शेतकऱ्यांची ओळख पटली. त्यांच्या संस्कृतीला नावही जोर्व्याचेच मिळाले. पुढे नेवासे, चांदोली, दायमाबाद अशी ठिकाणे एकेक करून उजेडात येत गेली.

पण अरुंद, खोल खड्ड्यातून खापरांचा क्रम कळतो, शेजार कळत नाही. कुणाचे घर कुणाच्या दाराशी होते, गल्ली कुठून जात होती, धान्य कुठे साठवत होते, कुंभार गावाच्या कोणत्या अंगाला राहत होता, हे पाहायचे तर जमीन आडवी, विस्ताराने उघडावी लागते. त्याला वेळ लागतो, पैसा लागतो आणि फार धीर लागतो. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी तो धीर धरला. १९६८पासून १९८३पर्यंत, एकंदर बारा हंगाम, इनामगावची पांढर थराथराने उलगडत गेली आणि सव्वाशेहून अधिक घरांचे अवशेष हाती आले. घरांच्या लाकडी मेढी केव्हाच कुजून गेल्या होत्या. राहिली होती ती त्या रोवलेल्या जागी जमिनीत उरलेली वर्तुळाकार भोके. त्या भोकांच्या रांगेवरून भिंतीची रेघ ठरवायची आणि रेघेवरून घर उभे करायचे, असे ते काम होते.

पहिल्या कुटुंबांची खापरे माळव्यातल्या खापरांशी जुळतात. महेश्वरसमोर नर्मदेच्या काठी नावडातोली इथे सांकळियांनीच तशी खापरे पूर्वी खणून काढली होती. तिथून तापीच्या खोऱ्यात प्रकाशे, मग प्रवरेवर दायमाबाद आणि आणखी दक्षिणेला भीमेच्या खोऱ्यात इनामगाव, असा या मडक्यांचा प्रवास नकाशावर ठिपक्या-ठिपक्यांनी मांडता येतो. हे अंतर एका पिढीत एका दमात तोडले गेले असेल असे वाटत नाही. मुलगा बापाच्या रानापासून दोन मुक्काम पुढे सरकला, त्याचा मुलगा आणखी पुढे, असेच ते झाले असावे.

जागा त्यांनी पारखून निवडली होती. घोड सह्याद्रीत भीमाशंकरच्या डोंगररांगेत उगम पावते, म्हणून इकडे पाऊस ओढ देत असला तरी तिकडच्या पावसाचे पाणी नदीला येते. शिरूरचा मुलूख पर्जन्यछायेतला. पावसाचा भरवसा तेव्हाही फारसा नसणार. पण काठाला काळी कसदार जमीन होती, पलीकडे चराईचे माळ होते, आणि हत्यारांसाठी लागणारी गारगोटीच्या जातीची दगडे नदीपात्रात मिळत होती. लोखंड महाराष्ट्रात यायला अजून कित्येक शतके होती. तांबे होते, पण दुर्मिळ. पीक कापायला, कातडे सोलायला, लाकूड तासायला रोजच्या वापरात होती ती कॅल्सेडोनीची बोटभर पाती, लाकडी दांड्यात बसवलेली.

पहिली घरे ऐसपैस होती. लांबट चौकोनी आखणी, कोपरे गोलसर, कमरेच्या आतली मातीची भिंत, तिच्यावर कुडाचा आडोसा आणि वर शाकारलेले छप्पर. मोठ्या घरात मधोमध आडभिंत घालून दोन खण पाडलेले असत. काही जण जमिनीत खड्डा करून त्यावर छप्पर टाकून राहत. घरातच चूल होती. भुई चोपून, थरावर थर देऊन घट्ट केलेली होती. ती खराब झाली की तिच्यावरच नवा थर चढे. एका घराच्या भुईचे असे थर मोजत जाणे म्हणजे त्या घरातल्या माणसांचे हंगाम मोजणेच होते.

खात काय होते, हे जळलेल्या दाण्यांनी आणि हाडांनी सांगितले. वनस्पतींच्या अवशेषांवर मुकुंद काजळे यांनी काम केले, प्राण्यांच्या हाडांवर पी. के. थॉमस यांनी. मुख्य पीक जवाचे. त्याच्या जोडीला गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा. बोरे, आवळे, जांभळे ही रानातली भर. गुरे, शेळ्या, मेंढ्या पाळीव. हरीण, काळवीट, ससा शिकारीचा. नदीतले मासे, कासवे, खेकडेही ताटात येत. गाईबैलांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत. अंगणात आगटीचे खड्डे सापडले. मांस तिथे भाजले जात असावे असे उत्खननकारांचे मत आहे.

आणि पहिल्यापासूनच त्यांनी आपली माणसे घरापाशी पुरली. मूल गेले तर दोन मडकी घेत. मूल त्यांत ठेवून मडक्यांची तोंडे एकमेकांना भिडवत आणि भुईखालीच खड्ड्यात आडवी पुरत. वर पुन्हा माती चोपली जाई आणि त्याच भुईवर घरचे लोक जेवत-झोपत. मोठ्या माणसाला उत्तरेकडे डोके करून उताणे पुरत आणि त्याचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. मेलेले माणूस उठून निघून जाऊ नये, घराजवळच राहावे, अशी त्यामागची कल्पना अभ्यासकांनी मांडली आहे. मला ती पटते. मुलांना भुईखाली ठेवण्यातही तीच ओढ दिसते. एकूण दोनशेहून अधिक दफने सापडली आणि त्यांत बहुसंख्य लहान मुलांची आहेत. डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि अमेरिकी मानवशास्त्रज्ञ जॉन लुकाक्स यांनी या मुलांच्या दुधाच्या दातांचा अभ्यास केला. त्यांच्या एनॅमलमध्ये वाढ खुंटल्याचे दोष दिसतात, म्हणजे कुपोषणाचा किंवा आजारपणाचा काळ दातांवर कोरला गेला. त्या वेळी गाव वाढणे म्हणजे काय होते, हे या दातांवरून कळते. जन्मलेल्यांपैकी किती जगतील याची शाश्वती नसतानाही लोक पुढच्या वर्षाचे बी राखून ठेवत होते.

इसवी सनापूर्वी १४००च्या आसपास चित्र बदलते. मडकी आता जोर्वे घडणीची होतात: तांबूस, घट्ट भाजलेली, टिचकी मारली तर धातूसारखी वाजणारी, वर काळ्या रंगात रेघांची नक्षी. लांब तोटीचे भांडे आणि कडेला धार असलेला वाडगा हे त्यांचे खास प्रकार. पण मडक्यांपेक्षाही मला गावाची मांडणी महत्त्वाची वाटते. आता घरे ओळीत उभी राहतात. साधारण पाच मीटर लांब, तीन मीटर रुंद, पूर्व-पश्चिम आखणीची, आणि दोन घरांच्या मध्ये माणसाला जाता येईल इतकी वाट सोडलेली. मधली वाट सोडायची असे शेजाऱ्या-शेजाऱ्यांत ठरल्याशिवाय ती राहत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती मोकळी राहिली याचा अर्थ कुणीतरी ती मोकळी ठेवायला लावत होते.

मग त्यांनी पाट खणला. सुमारे २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल. शेजारी दगडगोट्यांची मातीत रचलेली जाड भिंत, २०० मीटरहून अधिक लांबीची. पुराचे पाणी या पाटात वळवायचे आणि ओसरल्यावर रब्बीच्या पिकाला वापरायचे, अशी योजना असावी, असा ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निष्कर्ष आहे. आकडे नुसते वाचून पुढे जाऊ नये. एवढा पाट म्हणजे जवळपास २,८०० घनमीटर माती झाली. ती लोखंडाची कुदळ नसताना, लाकडाच्या आणि शिंगाच्या टोकांनी उकरली गेली आणि पाट्या-टोपल्यांनी उपसून बाहेर टाकली गेली. हे एका घराचे काम नव्हे. पेरणी-कापणीच्या मधल्या उन्हाळ्यात गावातली धडधाकट माणसे एकाच कामावर यायला हवीत, आणि जे येतील त्यांच्या पोटाची सोय आधी झालेली हवी. खणून झाल्यावरही पाट दर पावसाळ्यात गाळाने भरणार. तो पुन्हा उपसायला पुन्हा माणसे हवीत. पाणी कुणाच्या वावरात आधी सोडायचे यावरून भांडणे होणार. ती मिटवायला कुणाचा तरी शब्द मानला जायला हवा. वस्तीचे गाव झाले ते या पाटापाशी, असे मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

तो शब्द मानला जाणारा माणूस कुठे राहत होता, तेही सापडले आहे. गावाच्या मध्यभागी एक पाच खोल्यांचे घर आहे. बाकीची घरे बहुतेक एका खोलीची, फार तर दोन खणांची. हे त्यांच्यात वेगळे दिसते. त्याला लागून धान्याचे कोठार. जमिनीत चुन्याने लिंपलेली पेवे आणि वर कणग्या ठेवण्यासाठी मातीचे गोल ओटे. प्रत्येक घरात स्वतःची कणगी किंवा रांजण असायचा, मग हे कोठार कशाला? ढवळीकरांच्या मते प्रमुखाकडे गावकऱ्यांचे धान्य कराच्या रूपाने जमा होई आणि अडचणीच्या वेळी तिथून वाटले जाई. पाट खणायला आलेल्यांना दोन वेळचे खाणे कुठून मिळाले, याचेही उत्तर बहुधा याच कोठारात आहे. साठा आणि सामुदायिक काम ही जोडी एकदा जुळली की एकामुळे दुसरे वाढते. पाण्यामुळे धान्य वाढते, वाढलेल्या धान्यावर आणखी माणसे पोसता येतात, आणि त्या माणसांच्या हातांनी पाट राखला जातो.

या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा एक मातीचा रांजण पुरलेला निघाला. रांजण कच्च्या मातीचा, फुगीर पोटाचा. आत एक प्रौढ पुरुष मांडी घालून बसवलेला. सोबत ठेवलेल्या एका भांड्यावर वल्ह्यांची नाव रंगवलेली. इतर मोठ्या माणसांना जमिनीत आडवे पुरले आणि त्यांचे पाय तोडले. याचे पाय मात्र शाबूत ठेवले. रांजणाचा घाट पाहून काही अभ्यासकांना गर्भाशयाची आठवण झाली. तो गावाचा प्रमुख असावा, हे मत घर, कोठार आणि दफन या तिन्हींवरून बनले आहे, आणि तिन्ही एकाच ठिकाणी सापडत असल्याने ते मानायला मला अडचण वाटत नाही.

मध्यभागी सधन शेतकरी आणि पश्चिमेच्या अंगाला कारागीर, अशी विभागणी दिसते. कुंभाराची भट्टी सापडली. चुना भाजणारा, सोनार, मणी घडवणारा, हस्तिदंतावर काम करणारा यांची घरे त्यांच्या घरांतल्या अवजारांवरून आणि अर्धवट राहिलेल्या मालावरून ओळखता आली. चुन्याचा उपयोग पेवे लिंपायला होता. किडी-मुंग्यांपासून धान्य वाचवायचे तर चुना हवाच. म्हणजे चुना भाजणाऱ्याचा धंदाही कोठारावरच उभा होता. सोने घोडेच्या खोऱ्यात मिळत नाही, शंख तर समुद्राचाच. बाहेरून येणाऱ्या या मालाच्या बदल्यात गाव काही देत होते. त्यात धान्य आणि गुरे असणार असे मला वाटते, आणि कदाचित ती सुबक मडकीही. जोर्व्याची मडकी कोकणपट्टी आणि विदर्भाचा काही भाग सोडला तर साऱ्या महाराष्ट्रात आढळतात. एका नदीकाठचे कुंभार दुसऱ्या नदीकाठच्या कुंभारांसारखेच घाट उतरवत होते. तेव्हा गावागावांत येणे-जाणे, सोयरीक असणार.

या काळातली एक वस्तू जवळून पाहण्यासारखी आहे. एका घरात भुईखाली लंबगोल आकाराची मातीची पेटी मिळाली, झाकण असलेली. आत मातीचीच एक स्त्रीमूर्ती होती, कच्ची आणि डोके नसलेली. डोके तुटलेले नव्हते. मुळातच घडवलेले नव्हते. पेटीच्या झाकणावर आणखी एक स्त्रीमूर्ती होती, तिला डोके होते, आणि शेजारी एक बैल. आतल्या मूर्तीच्या पोटात आणि बैलाच्या पाठीवर भोके होती. दोन्हींत एक काडी घातली तर ती बैलावर बरोबर बसते. ती भाजलेली नाही, कारण ती टिकावी अशी अपेक्षाच नव्हती. पूजेपुरती घडवली आणि ठेवून दिली. पुढच्या काळातल्या शिरोहीन मातृदेवतांशी तिचा थेट संबंध जोडायचा मोह अनेकांना झाला आहे. मधली हजार वर्षे पाहता मी तो आवरता घेईन. मात्र ज्या घरात मुलांची दफने भुईखाली होती, त्याच काळच्या आणि त्याच गावच्या एका घरात भुईखालीच देवी ठेवली गेली, हे सोडून देण्यासारखे नाही. घराची जमीन त्यांना जपून ठेवण्याची जागा वाटत होती. धान्य तिथे, मूल तिथे, देवीही तिथेच.

चारशे वर्षे हे असे चालले. इसवी सनापूर्वी १०००च्या सुमारास चौकोनी घरे जाऊन गोल झोपड्या येतात. आकाराने लहान, तीन-चार एकत्र, घोळक्याने उभारलेल्या. मडकी जाडीभरडी होतात. गुरांचे प्रमाण घटते, शेळ्या-मेंढ्या आणि शिकारीचे प्राणी वाढतात. ढवळीकरांनी याचा संबंध कोरड्या पडलेल्या हवामानाशी लावला: पाऊस कमी झाला, शेती भरवशाची उरली नाही, लोक अर्धभटके झाले. सगळ्या अभ्यासकांना हे जसेच्या तसे मान्य नाही, आणि गोल घर म्हणजे दारिद्र्यच असा हिशेब मलाही सरसकट वाटतो. पण शेती ढासळली होती हे हाडांवरून आणि धान्यावरून नाकारता येत नाही.

प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यातली, तापीकाठची त्यांच्या बरोबरीची बहुतेक गावे याच सुमारास ओस पडली. जोर्वे, नेवासे, दायमाबाद, सगळीकडे वस्ती थांबते. इनामगावचे लोक मात्र इसवी सनापूर्वी ७००पर्यंत टिकून राहिले, म्हणजे शेजारी उठून गेल्यानंतर आणखी जवळजवळ तीनशे वर्षे. भीमेच्या खोऱ्याला पाणी थोडे जास्त होते, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. दुसरे कारण मला या गावाच्या आधीच्या चारशे वर्षांत दिसते. दुष्काळात उघडता येईल असे धान्य, एकत्र कामाला उतरण्याची सवय आणि निवाडा देणारे घर, हे सारे त्यांनी चांगल्या दिवसांत उभे केले होते. गोल झोपड्यांतही ते मुलांना दोन मडक्यांत, तोंडाला तोंड भिडवून, भुईखालीच पुरत राहिले. आणि गाव सुटले तेव्हा पहिली कुटुंबे नदीकाठी येऊन राहिली त्याला नऊशे वर्षे होऊन गेली होती.